सनरूफची चार भोकं

आमच्या बारमधले एक वकीलमित्र गेल्या महिन्यात पुण्याहून जुनी जर्मन गाडी घेऊन आले. काळी, लांबलचक, कोर्टाच्या आवारात धड वळेना. पेढ्यांचा पुडा पुढं करून मला म्हणाले, "तुम्ही अशा गाडीचे जुने मालक. काय काय सांभाळायचं ते एकदा नीट सांगा." मी पेढा तोंडात टाकला आणि सुरू झालो. सल्ला द्यायला मला फार आवडतं. माझा धंदाच तो आहे.

म्हटलं, विकणाऱ्याच्या सर्व्हिसबुकातल्या शिक्क्यांवर जाऊ नका, आल्या आल्या सगळी तेलं बदला. गिअरबॉक्सचं तेल जन्मभर चालतं असं कुणी सांगितलं तर विचारा, जन्म कुणाचा, गाडीचा की विकणाऱ्याचा. टायरवर नक्षी दिसली म्हणून भुलू नका, त्याच्या कडेवर बनवल्याचं साल असतं ते बघा. बॅटरी कंपनीनं सांगितलेलीच टाका. लाल दिवा लागला तर आहे तिथं थांबा, तुळजापूर आलंच म्हणून रेटू नका. आणि जपायची म्हणून झाकून ठेवू नका, उंदीर वायरी खातात. ते केसच्या कागदामागं सगळं लिहून घेत होते.

"अजून काही?"

"सनरूफ आहे?"

"आहे की! तेच बघून तर घेतली."

"मग त्याच्या चार कोपऱ्यांत चार भोकं असतात, पाणी निघून जायला. ती साफ ठेवा. आणि गाडी झाडाखाली लावू नका."

त्यांनी लिहून घेतलं आणि गेले. यापलीकडचं मी त्यांना सांगितलं नाही. माझी तेवढी छाती नव्हती.

माझी गाडी मी घेतली तेव्हा गावभर सांगितलं की दादांसाठी घेतली. दादा म्हणजे माझे वडील, अणदूरला शेती करतात. मी वकिली शिकत होतो तेव्हा दर पंधरा दिवसांनी ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन ते एसटीनं धाराशिवला यायचे, बहुतेक वेळा उभ्यानंच. आता गुडघे गेलेत. एसटीची पायरी चढताना आधी एक पाय हातानं उचलून ठेवावा लागतो. म्हणून म्हटलं, "दादा, आता एसटी बंद. तुम्ही माझ्या शेजारी पुढं बसायचं. ही डावी सीट तुमची."

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कोर्टाच्या फाटकापाशी होतं. मोटारसायकलवरून उतरलेल्या वकिलाला पक्षकार "अहो वकील" म्हणून हाका मारतो आणि मोठ्या गाडीतून उतरलेल्याला "साहेब" म्हणतो. मला साहेब व्हायची घाई झाली होती. वडिलांचं नाव पुढं केलं की चैनीलासुद्धा पुण्यकर्माचा वास येतो, हे मला चांगलं कळत होतं.

पहिल्यांदा बसताना दादांनी वहाणा काढून मांडीवर घेतल्या. मी हसलो. बटणानं सीट मागं गेली तसे ते दचकले, मग स्वतःच चार वेळा बटण दाबून पाहिलं. "झोपायची बी सोय हाय की," म्हणाले. त्या दिवशी मला खरंच फार बरं वाटलं होतं.

दिवाळीनंतरच्या रविवारी गाडी खंडोबाला दाखवायला नेली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. चार लोक जमले, तसा मला चेव आला. मी सनरूफ उघडून दाखवलं. बंद केलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात दादांनी कमरेच्या पिशवीतून भंडाऱ्याची मूठ काढली आणि "येळकोट येळकोट" करत उधळली. निम्मी टपावर पडली, निम्मी उघड्या छतातून आत. बदामी रंगाच्या सीटा पिवळ्याधमक झाल्या. माझं तोंड बघून दादा म्हणाले, "आसू दे, देवाचं आत बी पडू दे." लोकांसमोर मी गप्प बसलो. घरी येऊन बायकोला रात्रीपर्यंत सीटा पुसायला लावल्या आणि ती पुसत असताना मी जे बोललो ते तिनंच ऐकलं.

धाराशिवला आमच्या घरासमोर मोठा कडुलिंब आहे. गाडी मी त्याच्याखाली लावायचो. बायको म्हणाली, "पाला पडतोय, कावळे घाण करतात. पत्र्याचं शेड तरी घाला." मी म्हटलं, "उन्हानं रंग उडतो. गाडीतलं तुला काय कळतं?" फाल्गुनात लिंब झडला, चैत्रात मोहोर गळला, पुढं लिंबोळ्या पडल्या. मी रोज सकाळी फडक्यानं टप झाडत होतो आणि मोठी काळजी घेतल्याच्या थाटात कोर्टात जात होतो.

श्रावणात झड लागली. आधी गाडीत कुबट वास यायला लागला. मग एके दिवशी कोर्टाच्या फाटकात काचा आपोआप खाली गेल्या, समोरचे होते नव्हते तेवढे दिवे लागले आणि हॉर्न सुरू झाला तो थांबेना. अख्खं कोर्ट गॅलरीत आलं. ज्या फाटकासाठी साहेब झालो होतो तिथंच माझा तमाशा झाला. दोघांनी ढकलून गाडी बाजूला लावली.

धाराशिवातल्याच एका मेकॅनिकनं डाव्या सीटपुढचा गालिचा उचलला. खाली चार बोटं पाणी, आणि त्या पाण्यात गाडीचा इलेक्ट्रॉनिक डबा. तो म्हणाला, "छतातनं येतंय साहेब. वरनं काय सांडलं होतं का?"

"भंडारा," मी म्हणालो.

"मग त्यानंच तुंबलं आसंल."

झालं. ना त्यानं छत उघडून पाहिलं, ना मी पाहा म्हणालो. एवढ्या पुराव्यावर बांधावरच्या भांडणाचा निकालसुद्धा मी मान्य केला नसता. पण आरोपी घरचा होता आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. गाडी बंद, म्हणून मी एसटीनंच अणदूरला गेलो. दादा देवळापुढच्या पारावर त्यांच्या वयाच्या पाच-सहा जणांत बसले होते. मला पाहून जागा करून द्यायला सरकले. मी बसलो नाही. उभ्यानंच विचारलं, "भंडारा कुणी टाकला होता गाडीत?"

"म्या. का रं?"

"उघड्या छतातनं टाकला का नाही?"

"टाकला की. काय झालं?"

"काय झालं? गाडी गेली! तुमच्या त्या मुठीनं नळ्या तुंबल्या, पाणी आत गेलं, सगळं जळलं. कोर्टासमोर माझी शोभा झाली. बैलगाडी आहे का ती, हळद उधळायला? कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

पारावरचे सगळे दुसरीकडं बघायला लागले. एक म्हातारा उगीचच खोकला. दादांनी कमरेची पिशवी चाचपली, तिची नाडी घट्ट आवळली आणि म्हणाले, "चुकलं बाबा. मला काय ठावं."

घाबरून दिलेले कबुलीजबाब मी आयुष्यभर बघत आलोय. तसला जबाब कोर्टात टिकत नाही म्हणून मी तासतास भांडलोय. त्या दिवशी मात्र मला तो ऐकून समाधान वाटलं. जेवायलाही न थांबता परत निघालो.

गाडी ओढत सोलापूरला नेली. तिथला मिस्त्री म्हातारा होता, जाड चष्म्याचा, आणि धाराशिवच्या मेकॅनिकपेक्षा कमी बोलणारा. त्यानं सनरूफच्या चारी कोपऱ्यांत बारीक तार घातली आणि हवा मारली. डाव्या नळीतून काळा लगदा बाहेर आला. त्यात लिंबाच्या काड्या होत्या, कुजलेला मोहोर होता आणि एक अख्खी लिंबोळी होती.

"हळद आहे ना त्यात?" मी विचारलं.

त्यानं लगदा बोटांत चोळला, नाकाला लावला. "हळद कुठली, साहेब? हळद ऱ्हाती व्हय? ती पाण्यासंगं तवाच व्हावून गेली आसंल. ह्यो समदा लिंबाचा पाला हाय. गाडी झाडाखाली लावता जणू?"

तो म्हणाला, "पावसाळ्याच्या आदी चारी भोकं बघायची आसत्यात. तुमच्या पुस्तकात लिवलंय की." ते पुस्तक डाव्या सीटपुढच्या कप्प्यात होतं. मी ते एकदाही उघडलेलं नव्हतं.

गाडी सुधारली. ती घेऊन अणदूरला गेलो, पण मुद्दाम संध्याकाळी, पार रिकामा झाल्यावर. शिक्षा मी चारचौघांत सुनावली होती, निर्दोष सोडायला मात्र घरातला कोपरा शोधला. तिथंही सरळ बोललो नाही. म्हणालो, "मिस्त्री म्हणत होता, भंडाऱ्यानं नव्हतं झालं. दुसरंच काहीतरी होतं." लिंबाचं नाव घेतलं नाही.

"बरं झालं," दादा म्हणाले. "गाडी सुदारली ना?"

"सुधारली."

"मग झालं तर."

त्यानंतर दादा गाडीत बसलेले नाहीत. नाही असंही कधी म्हणत नाहीत. कधी पाहुणे येणार असतात, कधी सकाळीच एसटीनं जाऊन आलेले असतात. मी आता घरापुढं पत्र्याचं शेड घातलंय. दर महिन्याला चारी भोकांत पाणी ओतून बघतो आणि ते खाली चाकाजवळ ठिबकलं की मगच उठतो. गाडीत खोट राहिलेली नाही.

परवा त्यांना डोळे दाखवायला धाराशिवला यायचं होतं. न सांगताच मी सकाळी अणदूरला पोचलो. ते एसटीच्या थांब्यावर उभे होते, आजूबाजूला गावचे आठ-दहा लोक. मी गाडी अगदी त्यांच्या पायाशी थांबवली, आतून डावं दार उघडलं. म्हटलं, "बसा दादा."

ते वाकले, सीटकडं बघितलं. मग स्वतःच्या धोतराकडं बघून एक पाऊल मागं सरकले. "नगं. आत्ताच देवळातनं आलोय. अंगाला भंडारा हाय."

टोमणा असता तर मी झेलला असता. पण तो टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच माझ्या गाडीची काळजी वाटत होती. 'चुकलं' एवढा एक शब्द पुरला असता, पारावर मी त्यांच्याकडून वदवून घेतलेलाच. लोक ऐकत होते. मी म्हणालो, "काही होत नाही दादा, पुसता येतं."

त्यांनी मान हलवली आणि दार हलकेच, आवाज न होऊ देता लावलं. मागून एसटी आली. त्यांनी हातानं एक पाय उचलून पायरीवर ठेवला, आणि कंडक्टरनं हात देऊन त्यांना वर घेतलं.