दाराच्या खाचेतली वात

माझ्या गाडीच्या दारांना हँडल नाही, असं पाहणाऱ्याला वाटतं. हँडल आहे, पण ते दाराच्या पत्र्यात सपाट लपून बसलेलं असतं. किल्लीवरचं बटण दाबलं की चारही हँडलं बाहेर येतात आणि गाडी चालू लागली की पुन्हा आत जातात. गाडी विकणाऱ्यानं मला कारण सांगितलं होतं की, बाहेर आलेल्या हँडलांना वारा अडतो आणि बॅटरी जास्त खर्च होते. मी समजल्यासारखी मान डोलावली. मलकापुरात माझ्या घरापासून कॉलेजपर्यंत सात गतिरोधक आहेत आणि कापसाच्या हंगामात सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या मागे मी पायी चालणाऱ्याच्या वेगानं जातो. तिथे वारा माझ्या हँडलाला काय अडणार, हे मी विचारलं नाही. खरं म्हणजे शेजाऱ्यांनी गाडीपाशी येऊन, दारावरून हात फिरवून, "हे उघडते कुठून?" असं विचारावं, एवढ्यासाठीच मला ती हँडलं हवी होती. पहिले दोन महिने सगळ्यांनी विचारलं. त्यानंतर मीच विचारू लागलो.

सुरुवात दसऱ्याला झाली. आमच्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टरपासून शिवणयंत्रापर्यंत जे काही फिरतं त्या सगळ्याची पूजा होते. गाडीची पूजा मीच केली. पुढच्या पत्र्यावर स्वस्तिक काढून झालं आणि मला वाटलं, या गाडीचा जीव जर कुठे असेल तर तो हँडलांत आहे. मग बटण दाबून चारही बाहेर काढली, प्रत्येकावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, वर अक्षता चिकटवल्या, नारळाचं पाणी शिंपडलं आणि हात जोडून झाल्यावर पुन्हा बटण दाबलं. प्रसाद तोंडात घेतल्यासारखी ती सगळं घेऊन आत गेली. बायको म्हणाली, तेवढं पुसून टाका. मी तिला सांगितलं की दसऱ्याचं कुंकू त्याच दिवशी पुसत नसतात. मी सत्तावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे, हेही इथेच कबूल केलेलं बरं.

दिवाळीनंतर मागचं डावं हँडल अर्ध्यावर अडायला लागलं, मग उजवंही. मी गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढली. तिच्यात लिहिलं होतं की हँडलावर बर्फ साचला असल्यास मुठीने हलकेच ठोकावे. मलकापुरात बर्फ रसवंतीवर मिळतो. तरी मी रोज सकाळी ठोकत होतो, आणि समोरच्या घरातले निवृत्त गृहस्थ गच्चीवरून ते पाहत होते. आपल्याच गाडीच्या दारावर टकटक करून आत कोणी आहे का हे विचारणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार. कंपनीच्या फोनवरच्या बाईंनी मला बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं. पुन्हा दाबायला सांगितलं. शेवटी त्यांनी माझी तक्रार नोंदवून घेतली आणि ती सोडवल्याचा संदेश मला लगेच आला. मुलीचं केस वाळवायचं यंत्र लावून पाहिलं, किल्लीतला सेल बदलला. मग आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यानं खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडायला सांगितले. दोन शास्त्रं एकत्र आली म्हटल्यावर मी रोज चार थेंब सोडू लागलो. आमची वसाहत जिनिंगच्या मागे आहे. हंगामात तिथून कापसाचा बारीक भुगा उडत येतो आणि कपड्यांवर, पापडांवर, मिशांवर बसतो. हँडलाच्या खाचेत तो बसत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

याच दिवसांत माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, धाकट्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. दादा चिखलीजवळ उंद्रीला असतो, शेती करतो. मेहकरच्या एका घरानं मुलगी पसंत केली होती. आता मुलीकडच्यांनी मुलाचं घर पाहून यायचं, एवढंच बाकी होतं. मुलाच्या वडिलांचं बियाण्याचं दुकान होतं, दुमजली घर होतं. दादा एसटीनं जाणार होता. मी म्हणालो, गाडी नेऊ, छाप पडते. तो म्हणाला, छाप पाडायला चाललो नाही, घर पाह्याले चाललो. पण धाकट्या भावाचा आग्रह त्याला मोडता येत नाही, आणि ही त्याची खोड मी लहानपणापासून वापरत आलो आहे.

आता जे सांगायचं ते मी बराच वेळ टाळत होतो. दिवाळीत मी दादाला उंद्रीहून चिखलीला नेलं होतं. तो मागे बसला होता. चिखलीत गाडी पुरती थांबायच्या आत त्यानं तंबाखू थुंकायला दार उघडलं आणि मागून आलेला मोटारसायकलवाला दाराला घासता घासता वाचला. मी दादाला काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र मागच्या दोन्ही दारांच्या कडेला असलेली लहानशी कळ खाली सरकवून ठेवली. ती कळ खाली असली की दार आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडतं. कंपनीनं ती लहान मुलांसाठी दिलेली असते. माझी मुलगी इंजिनिअर होऊन पुण्याला आहे. कळ दादासाठी होती, आणि दादा एकसष्ट वर्षांचा होता.

मेहकरला निघालो तेव्हा सोयरीक जमवणारे गृहस्थ मान म्हणून पुढे बसले आणि दादा मागे. उंद्रीत मागचं डावं हँडल जेमतेम बोटभर बाहेर आलं. दादानं खाचेत नखं घालून ते ओढलं, दार उघडलं आणि तो आत बसला. त्यानं नवी टोपी घातली होती आणि पायजम्याला कडक इस्त्री होती.

मेहकरात त्या घरासमोर मी गाडी थांबवली तेव्हा मुलाचे वडील, त्याचे काका, शेजारचे दोघं असे सगळे पायरीवर उभे होते. मी उतरलो, मध्यस्थ उतरले. दादानं आतून दार ओढलं. उघडलं नाही. मी बाहेरून बटण दाबलं. पुढची दोन हँडलं दिमाखात बाहेर आली, मागच्या दोघांनी डोकंही वर काढलं नाही. मी मुठीनं ठोकलं. दुसऱ्या बाजूला जाऊन ठोकलं. ती कळ सरकवायची तर आधी दार उघडायला हवं होतं. काचेआड दादा शांत बसला होता, मांडीवर हात ठेवून. मुलाचे काका म्हणाले, "पाव्हणे उतरत नाही काय? पसंत नाही का घर?" सगळे हसले.

शेवटी दादा दोन सीटांच्या फटीतून पुढे आला. एक पाय पुढे, एक मागे, पायजमा मधल्या खणात अडकलेला आणि टोपी ब्रेकपाशी. माझा भाऊ आपल्या मुलीच्या होणाऱ्या सासरच्या दारात चारी हातापायांवर बाहेर आला. आणि त्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी बोललो.

"दादानं उंद्रीत जोर लावून ओढलं ना, तिथेच ते तुटलं असणार," मी म्हणालो. "नांगराच्या हाताला असलं नाजूक काम कुठून कळणार?"

हे मी हसून म्हणालो आणि चांगल्या प्रमाण मराठीत म्हणालो. मलकापूरच्या स्टाफरूममध्ये वापरतो ती मराठी मी तिथवर नेली होती. लोक पुन्हा हसले. दादाही हसला. आत चहा आला तेव्हा त्यानं कप लगेच उचलला नाही, हात बराच वेळ टोपीखाली झाकून ठेवले होते. घर त्याला पसंत पडलं, साखरपुड्याची तारीखही ठरली. निघताना तो म्हणाला, इथं एकाले भेटाचं हाय, तू निघ. मी आग्रह केला नाही. तो एसटीनं गेला. पुढच्या महिन्याभरात तो दोनदा मलकापूरला आला आणि दोन्ही वेळा स्टँडवरूनच परत गेला. बायकोनं मला फक्त एकदा विचारलं, दादा घरी का येऊन नाही राह्यले. मी सांगितलं, हंगाम आहे. लग्नात नवरीला माझ्याच गाडीतून न्यायचं असं मेहकरला जायच्या आधी ठरलं होतं. आता दादानं गावातल्याच एकाची गाडी सांगितल्याचं मला बाहेरून कळलं.

मी गाडी अकोल्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. मेकॅनिकनं दाराचं आतलं अस्तर काढलं, हँडल सोडवलं आणि बारीक चिमट्यानं खाचेतून काहीतरी ओढायला सुरुवात केली. ते निघतच राहिलं. कापूस, तेल, कुंकू असं सगळं वळून घट्ट झालेली बोटभर लांब लाल वात होती ती, आणि तिच्यात तांदळाचे तीन दाणे. त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली.

"सर, इथं दिवा लावत होते काय?"

मी विचारलं, कोणी जोरात ओढल्यामुळे काही तुटलं आहे का. तो म्हणाला, तुटलं काहीच नाही, उलट ज्यानं ओढून उघडलं त्याचं कौतुक आहे.

साखरपुडा उंद्रीला दादाच्या घरी झाला. टिळे लावून झाले, पेढे वाटून झाले आणि मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. मी ती वात प्लास्टिकच्या पुडीत घालून नेली होती. दसऱ्याची पूजा, बर्फ, केस वाळवायचं यंत्र, खोबरेल तेल, सगळं सांगितलं. दोष दादाचा नव्हता, माझा होता, हेही सांगितलं. लोक पोट धरून हसले. पुडी हातोहात फिरली. मुलाच्या काकांनी उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा सांगायला लावलं आणि मी पुन्हा, पहिल्यापेक्षा रंगवून, सांगितलं. मला फार हलकं वाटत होतं.

दादा तिथे नव्हता. गोठ्यापाशी बाजेवर बसला होता. मी जाऊन सांगितलं की सगळ्यांसमोर चूक कबूल केली.

"ऐकलं म्या," तो म्हणाला. "दोनदा ऐकलं. माफी मांगाची होती त मले मांगाची. त्यायले काऊन सांगून राह्यला?"

माझ्या लक्षात आलं की कबुली द्यायची मला आवडच आहे, फक्त ऐकणारे जास्त असावे लागतात. मग मी खाली पाहून दाराच्या त्या कळीची गोष्ट सांगितली. ती सांगताना कोणी हसलं नाही. म्हशीनं शेपूट हलवलं, तेवढंच.

"मालूम हाय मले," दादा म्हणाला. "जावयाच्या गाडीले हाय थे. नातवासाठी लावते तो." मग म्हणाला, "तू माह्यासाठी लावलं."

मी म्हणालो, "चुकलं माझं, दादा."

"चुकलं माझं म्हणते," त्यानं माझीच मराठी मला परत केली. "आपल्या भाषेत म्हन ना बे."

"चुकलं माह्यं."

तो उठला. मंडपवाल्याला विचारायला चिखलीला जायचं आहे म्हणाला, आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मी बटण दाबलं. हँडल बाहेर आलं. त्यानं दोन बोटांनी ते धरलं, दार उघडलं, वाकून कडेची कळ शोधली आणि अंगठ्यानं वर सरकवली. दुसऱ्या बाजूला जाऊन तीही सरकवली. पुढची जागा रिकामी होती, तरी तो मागेच बसला.

वाटेत नवरीची गाडी कोणाची हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चिखलीत शिरताना मी वेग कमी केला. गाडी पुरती थांबायच्या आत दादानं दार उघडलं आणि बाहेर वाकून थुंकला. मी आरशात मागून कोणी येत आहे का ते पाहिलं.