आयएसओ शंभर आणि अप्पांचा हात

नांदेडला कॉलेजात आमच्या पत्रकारिता विभागात एकच कॅमेरा आहे. तो तीन दिवसांसाठी मिळाला आणि मी जळकोटला घरी गेले. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं येतं, असं आईला वाटतं. तसं नाही, हे सांगायचा मला धीर होत नाही.

आईला एकच फोटो हवा होता. अप्पांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा. ते आमच्याकडेच राहतात. रोज सकाळी ते गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात, भस्म लावतात, बेल वाहतात आणि त्याच्याकडे टक लावून बसतात. पण वर्षभरापासून त्यांचा हात कापतो. लिंग खाली पडेल याची त्यांना फार भीती. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, या सोमवारी तळहातावरची शेवटची पूजा. पुढं लिंग गळ्यातच ठेवून हात जोडायचे.

"काढ फोटो," ते म्हणाले. "पण पूजेत वीज चमकवू नको, बाय."

म्हणजे फ्लॅश नाही. देवघरात एक झरोका आणि समई, एवढाच उजेड. माझ्या वहीत लिहिलेलं होतं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, जितका कमी, तितका फोटो स्वच्छ. खाली दोन रेघाही मारलेल्या. मी आयएसओ शंभरवर ठेवला, कॅमेरा लोखंडी पेटीवर टेकवला आणि आठ-दहा फोटो काढले.

मग एक फोटो मोठा करून पाहिला. अप्पांचा चेहरा सुरेख आला होता. पण तळहाताच्या जागी नुसता फराटा. लिंग दिसतच नव्हतं.

तेव्हा कुठं मला वहीतल्या त्या ओळीचा उरलेला अर्थ कळला. आयएसओ कमी असला की कॅमेऱ्याला जास्त उजेड लागतो, आणि अंधारात तो उजेड गोळा करत शटर बराच वेळ उघडं राहतं. तेवढ्या वेळात अप्पांचा हात किती वेळा हलला असेल! आयएसओ वाढवला तर थोडा उजेडही पुरतो, शटर लवकर मिटतं. फक्त फोटोत दाणे येतात. मी बत्तीसशे केला. करताना उगीच अपराधी वाटलं. तीन फोटो झाले, तोवर अप्पांनी लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलंही.

आईनं फोटो पाहिला. "हे पीठ सांडल्यावानी काय दिसून राहिलं?"

"उजेड कमी होता ना, माय."

"असू दे. लिंग दिसतंय." तिनं पदरानं डोळे पुसले.

अप्पांनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ पाहिलं. "हात तर कापत न्हाई की माझा! मग मी उगीच भ्यालो? उद्या बी करतो पूजा."

हो म्हणावं असं फार वाटलं. पण उद्या त्यांच्या हातून लिंग पडलं तर? मी आधीचा फोटो समोर धरला.

"अप्पा, हात कापतोय. कॅमेऱ्यानं लवकर टिपला, म्हणून थांबल्यासारखा दिसतो."

ते दोन्ही फोटो आलटून पालटून बघत राहिले. मग हसले. "लई लबाड हाय की तुझा कॅमेरा." पण कॅमेरा परत देताना त्यांनी डावा हात धोतराच्या घोळात लपवला. मला वाटलं, खरं बोलून मी काय मिळवलं?

मंगळवारी सकाळी आंघोळ करून आई अप्पांच्या शेजारी बसली आणि आपला तळहात त्यांच्या तळहाताखाली धरला.

"काढा लिंग. पडलं तर माझ्या हातात पडंल."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग गळ्यातलं वस्त्र सोडलं, लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं. दोघांचे हात मिळून थोडे थोडे हलत होते.

"पोरी, जरा वर धर," ते म्हणाले. "खाली चाललाय तुझा हात."