ताप-तक्त्यातली मोकळी जागा

अंबरनाथच्या दवाखान्यात वडील टायफॉइडने पडून होते. तिथल्या सिस्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. थर्मामीटर झटकताना त्या डोळे मिटायच्या.

एका दुपारी कारखान्यात भाजलेला कामगार आला आणि त्या धावपळीत वडिलांचा ताप मोजायचा राहिला. संध्याकाळी तक्त्यावर ठिपका देताना सिस्टर दुपारच्या रिकाम्या रकान्यापाशी थांबल्या. हुकलेली नोंद सरासरीने भरायला कॉलेजात आम्हाला नुकतंच शिकवलं होतं, म्हणून मी चाचरत म्हणालो, "सिस्टर, सकाळ-संध्याकाळची सरासरी टाका ना. डॉक्टर ओरडतील."

"ओरडू देत रे. मधे ताप चढला असेल तर? मी बघितलं नाही, एवढं त्यांना दिसू दे."

डॉक्टर ओरडलेच. पण उद्या घरी सोडायचं ठरलं होतं, ते त्यांनी थांबवलं. दुसऱ्या दुपारी वडिलांना सणसणून ताप भरला.

तो कामगार वाचला नाही. तक्त्यावरची ती मोकळी जागा मला त्याचीही वाटते.