पहिल्या रांगेतली बाळंतीण

वडशाला (देसाईगंज) उतरलो तर स्टेशनाबाहेर नाटकांचे फलक उभे, आणि प्रत्येकावर कुणीतरी ढसाढसा रडत होतं. मी खूश झालो. झाडीपट्टीतलं नाटक पाहायलाच तर पुण्याहून आलो होतो. गावोगाव मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) भरत होती. एका कंपनीच्या टेम्पोत मी सामानाबरोबर चढलो. शेजारी कांताबाई, नाटकातली आई. त्यांचं स्वतःचं रांगतं लेकरू मात्र वडशाला बहिणीकडे होतं.

गाव धानाच्या बांध्यांपलीकडे, जंगलाला लागून. गरम भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण जेवून मैदानावर आलो. मंडपवाले हमीदभाऊ मंचाच्या मुख्य बल्लीसाठी (खांबासाठी) खड्डा खणवून घेत होते. हातभर खाली पहार टणकन वाजली. आत मातीचे घोटीव गोळे, क्रिकेटच्या चेंडूएवढे.

हमीदभाऊंनी भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेली. ते हळूच म्हणाले, "मांगं सरका."

त्या काळी, नक्षल्यांच्या भूसुरुंगांच्या त्या मुलखात, जमिनीत पुरलेल्या वस्तूला कुणी हसत नसे. पोलिसांना कळवायचं ठरलं, म्हणजे नाटक बुडालंच. मी पळालो नाही. सर्वांच्या आधी मैदानाकडेच्या चिंचेमागे जाऊन उभा राहिलो, इतकंच. हमीदभाऊ कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होते, हे तिथे कळलं.

एवढ्यात गोळ्यांमागून अंगठ्याएवढा काळा शेणकिडा निघाला. पहारीने तडकलेल्या गोळ्यावर चढून पायांनी माती थापू लागला.

"भाऊ, तुमचा बॉम्ब चालून राह्यला," कुणीतरी म्हणालं.

धीर आल्यावर मी ज्ञान पाजळलं. ही मादी. आत शेण, वर मातीचा लेप, एकेका गोळ्यात एकेक पिल्लू. ते आतलं शेण खाऊन वाढतं. आई बाहेर राखण करते, बुरशी खरवडते, तडे बुजवते.

"आन ते माय सोता काय खाते?" कांताबाईंनी विचारलं.

"बहुतेक काहीच नाही. पिल्लं निघेपर्यंत."

थट्टेने चिडलेले हमीदभाऊ गोळे उचलून फेकायला वाकले. कांताबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या.

"तिले हलवू नका."

"मंग बल्ली कुठी रोवू, बाई? तुमच्या डोक्यावर?"

"रोवा. पन हे मोडलं, त मी आज उभी नाई राहत."

आईशिवाय झाडीपट्टीत नाटक होत नाही. हमीदभाऊंनी आभाळाकडे पाहिलं, दोऱ्या सोडल्या आणि अख्खा मंच मागे घेतला. खड्डा हलक्या हाताने बुजवून भोवती बांबू बांधले. ती जागा आता नेमकी पहिल्या रांगेच्या मधोमध आली, सरपंचांच्या खुर्चीची.

दिवे लागले, गाव लोटलं. सरपंच आले, बांबू पाहून थबकले. "इथी कोन बसनार हाय?"

"बाळंतीण हाय," हमीदभाऊ गंभीरपणे म्हणाले.

सरपंचांनी खुर्ची उचलून बाजूला नेली आणि मागच्यांना बिड्या विझवायला सांगितल्या.

परतीच्या गाडीत मी नाटक आठवून पाहिलं. कांताबाई रडल्या, गाव रडलं, मीही रडलो. कशासाठी, ते काही सांगता येईना. डोळ्यांपुढे येत होती ती खच्चून भरलेल्या मांडवातली दोन हात रिकामी जमीन, आणि तिच्या कडेने पाय दुमडून, अंग चोरून बसलेली माणसं.