पाठ नव्हं, पोट पाण्याला

ये गं, हितं चुलीम्होरं बस. जवळ सरक, आन तो मोबाइल आधी पालथा ठेव. पुण्याशेजारी जांब्यात ऱ्हातीस, आपली मुळशी काय परदेश हाय व्हय? गौरीला येते म्हणालीस, दसरा झाला तवा उगवलीस. आन आल्या आल्या इचारतीस, "आई, ह्यो बल्ब कशावर चाललाय?" फोनवर सांगत हुते तवा नुसतं हां हां करत हुतीस.

गेल्या साली पावसात खांब पडला, लाइट गेली ती आठवडाभर आली न्हाई. तवा तू हट्ट धरलास, घराला कुलूप लाव न माझ्याकडं ये. मी म्हणलं, ओढ्याच्या पाण्यावर दिवा लागला तर मी हितंच. न्हाई लागला तर पुढल्या साली गणपती उठले की बोचकं बांधते. बोलून बसले खरी.

मग तुझ्या काकाला हाताशी धरलं. वेल्डिंगचं दुकान त्याचंच. सायकलची रिंग घेतली, तिला तेलाच्या डब्याची सपाट पाती जोडली, ट्रॅक्टरचा जुना डायनामो लावला. ओढ्यातनं काढलेल्या पाटाचं पाणी जितं बांधावरनं खाली पडतंय तितं चाक बसवलं. पाणी पात्यावर आदळायचं आन चहूकडं उडून जायचं. चाक फिरत हुतं, पण दमल्यागत. बल्ब नुसता लाल.

काका म्हणाला, "वहिनी, ह्या उजेडात बिडीबी सापडायची न्हाई."

"मी वढत न्हाई, भावजी. पाती वाकवा."

"कशी?"

"इरल्यागत."

हितंच घोळ झाला. जन्मभर भातलावणीला पाठीवर इरलं घिऊन वाकलेली माणसं आमी. फुगीर बाजू पावसाकडं, पाणी घरंगळून खाली, आपुन कोरडं. हात आपसूक तसंच चाललं. सगळी पाती फुगीर बाजू पाण्याकडं करून बसवली. दोघांपैकी एकालाबी शंका आली न्हाई.

चाक धड वळंना. बल्ब लालबी हुईना.

"सपाट बरी हुती की!" काका म्हणाला. मी हसले, पण गणपती चार दिवसांवर आलेलं. डोळ्यापुढं बोचकं दिसाया लागलं.

तशीच पाटावर भगुलं घासाया बसले. भगुल्याचं बूड धारेला लागलं, पाणी दोन्ही अंगांनी निसटून गेलं. मग तोंड धारेकडं फिरवलं, तर असा हिसका बसला की भगुलं हातातनं सुटलं न चाकावर जाऊन आपटलं.

"भावजी! उलटी बसवलीत पाती! पाण्याला पाठ दावायची न्हाई, पोट दावायचं!"

"बसवलीत न्हाई, बसवली. दोघांनी."

"बरं बाबा, दोघांनी. खोला आता."

फिरवून बसवली. धार पात्याच्या पोटात शिरली, त्याला ढकललं, खाली जाऊन सांडली. चाकानं असा वेग धरला की काकानं पाय माघारी घेतला. बल्ब पांढराशुभ्र! मी ओल्या लुगड्यानिशी टाळ्या वाजवल्या, सांगते तुला.

काकाला हौस आली, त्यानं पाती आणिक खोल केली. तर ती पाणी सोडंनात, मागल्या अंगानं वर घिऊन जाया लागली, चाक जड झालं. पुन्यांदा थोडी उघडली. पसरट वाटीएवढं वाकण बास. पाणी धरलं पायजे, आन येळंवर सोडलंबी पायजे.

गणपती उजेडात बसले. उठले, पण मी हितनं उठले न्हाई. आता रिसॉर्टातली माणसं वाट वाकडी करून चाक बघाया येत्यात. कुणी केलं म्हणून इचारलं की काकाच्या आधी मी बोलते. का बोलू नये?

तुझ्या खोलीतबी एक बल्ब लावलाय. तू नसताना उगाच भिताडाला उजेड दावतोय. आज जातीस तर जा, पण ओढा आटायच्या आत जावयांना घिऊन परत ये. दोन रात्री ऱ्हायाच्या बोलीनं ये.