नाचणगावच्या वर्षालीची दीर्घिका

नाचणगावच्या वर्षालीने लग्नाआधी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं. संसारात पडल्यावर दुपारची कामं उरकली, की ती फोनवर दूरदूरच्या दीर्घिकांचे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांचे, फोटो बघत बसे. मोठ्या दुर्बिणीने टिपलेले हजारो फोटो शास्त्रज्ञांनी इंटरनेटवर लोकांसमोर ठेवले होते. कोणती दीर्घिका कशी दिसते, एवढं कळवायचं. काम बिनपगारी, पण तिचा जीव त्यात रमायचा.

मार्चातल्या एका दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या तिला एक पुसट ठिपका दिसला. मोठा करून पाहिला, तर मधोमध फुगीर, कडेला चपटा, आडव्या धरलेल्या भिंगासारखा. आपल्या आकाशगंगेसारखे वळणदार हात त्याला नव्हते. एवढी थोराड, नवे तारे घडवणं थांबवून शांत झालेली दीर्घिका इतक्या लांब? लांबच्या दीर्घिका तर त्यांच्या तरुणपणातल्या दिसतात.

"वर्षाली, हात दे वं, मोरीत जायचं हाय," आतून सासूबाईंची, रुख्माबाईंची हाक आली.

"आलीच," ती पुटपुटली. आवाज आत पोचलाही नसेल. ती शेरा लिहीत राहिली आणि आत काहीतरी धपकन पडलं.

रुख्माबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. वर्ध्याला ऑपरेशन झालं. "मीच घाई केली, सून ओसरीवर होती, तिले ऐकू नाई गेलं," असं त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. वर्षाली खाली मान घालून चहा देई.

दिवाळीनंतर शास्त्रज्ञांकडून कळलं, की ती दीर्घिका खरोखरच भिंगाकार आहे आणि तिचा प्रकाश अब्जावधी वर्षं चालून आलाय. ती आधी हेरणाऱ्यांत वर्षालीचंही नाव होतं. तिच्या नवऱ्याने, सचिनने, गल्लीभर पेढे वाटले. तिने आपल्या वाट्याचा पेढा डब्यात परत ठेवला.

"दाखव तं खरं, काय सापडलं तुले," वॉकर सरकवत रुख्माबाई आल्या.

वर्षालीने फोन पुढे धरला. "हे दिसलं तवाच तुम्ही हाक मारली होती, आई. मले ऐकू आली होती. मी उठली नाई."

रुख्माबाईंनी फोन बाजूला सारला.

"उठाले पाह्यजे होतं तुनं."

"हो."

"लय दुखलं वं मले." हे त्या आजवर कोणापाशीच बोलल्या नव्हत्या.

पुढे कितीतरी दिवस त्या सुनेशी कामापुरतंच बोलल्या. मग एका दुपारी आपणहून म्हणाल्या, "पाह्य तुये फोटो. पण इथं, माह्या खाटेपाशी बसून."

वर्षाली आता तिथेच बसते. सासूबाईंनी नुसती कूस बदलली, तरी फोन पालथा टाकून उभी राहते.