मिठाच्या ढिगातला माणूस

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. बऱ्याच प्रकरणांतले चेहरे पुसट झाले. पण त्या प्रकरणातली पांढरी जमीन, आणि तिच्यावर एका म्हातारीने मारलेली हाक, अजून जशीच्या तशी मनात आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. धुळे जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा फौजदार म्हणून मी नुकताच चार्ज घेतला होता. बाजाराच्या दिवशी ठाण्यात गर्दी फार. कोणाची शेळी चोरीला गेलेली, कोणाचा बांध कोरलेला. त्या गर्दीत एक म्हातारी दर बाजाराला यायची, ओटीवरच्या बाकावर पदर सावरून बसायची आणि बाजार उठला की निघून जायची. तक्रार काही द्यायची नाही.

मी जमादारांना विचारलं. ते हसले. "साहेब, ती मिठाच्या शेठची आई. पोरगा गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय."

हकीकत अशी होती. हे घराणं मूळचं राजस्थानातलं, दोन पिढ्यांपूर्वी खानदेशात आलेलं. मीठ हाच त्यांचा धंदा. थोरला भाऊ दर हंगामाला मारवाडातल्या एका खाऱ्या सरोवरावर जाऊन मीठ विकत घ्यायचा आणि ट्रक भरून पाठवायचा. धाकटा इथलं गोदाम सांभाळायचा. माझ्या आधी एका उन्हाळ्यात असाच ट्रक आला, मीठ गोदामात ओतलं गेलं. पुढे ढीग उपसताना हमालांना एक हात दिसला. ढिगात माणूस होता. मिठाने सगळा ओलावा ओढून घेतलेला, कातडं चामड्यासारखं ताणलेलं, चेहरा आवळून लहान झालेला. डोक्याला मागून जबर मार होता. अंगावर थोरल्या शेठचे कपडे, गळ्यात त्याचा चांदीचा ताईत. बायकोने ताईत बघून हंबरडा फोडला, धाकट्या भावाने ओळख पटवली. अंत्यविधी झाला. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला, ड्रायव्हरची कसून चौकशी झाली, राजस्थान पोलिसांशी पत्रव्यवहार झाला. आरोपी मिळाला नाही आणि तपास बंद झाला.

पुढच्या बाजाराला मी म्हातारीला आत बोलावलं, खुर्ची दिली.

"अक्का, काय सांगायचंय तुम्हाला?"

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, "साहेब, तो मना पोऱ्या नही व्हता. मना पोऱ्या जित्ता शे."

"कशावरून?"

"कान. मना पोऱ्याना दोन्ही कान टोचेल शेत. त्या मानूसना कानले भोकच नही व्हतं. शेवटलं तोंड देखाले दिन्हं, तवय मी देखं. बठ्ठा लोक म्हनतस, मीठमा भोक बुजाई गयं."

माणसं दुःखात भ्रमतात हे मी पाहिलेलं होतं. पण भ्रमलेला माणूस दर वेळी काहीतरी नवीन सांगतो. ही बाई एकच गोष्ट सांगत होती, आणि तीही कोणी विचारल्यावर. मी धुळ्याला गेलो तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलच्या एका डॉक्टरांना सहज म्हणून विचारलं, मिठात राहिलेल्या प्रेताच्या कानाचं भोक बुजेल का? ते म्हणाले, "मेलेलं कातडं भरून येत नाही हो. आक्रसतं. भोक असेल तर उलट जास्त दिसेल."

त्या दिवशी परतताना जीपमध्ये मी विचार करत होतो. म्हातारी खरं बोलत असेल, तर एका परक्या माणसाला दुसऱ्याच्या नावाने अग्नी दिला गेला होता. आणि ज्याच्या नावाने दिला, तो कुठेतरी चालत-फिरत होता.

मी अक्कांना पुन्हा गाठलं. घरात आणखी काही विचित्र वाटलं का, असं विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं की थोरल्याच्या वर्षश्राद्धाला धाकटा पिंड द्यायला बसलाच नाही. ताप आला म्हणून पांघरूण घेऊन पडला. अक्कांनी कपाळाला हात लावून पाहिला, तर अंग थंडगार होतं.

मी धाकट्याला ठाण्यावर बोलावलं. पस्तिशीचा, देवभोळा, गळ्यात तुळशीची माळ. अशा माणसावर आवाज चढवला की तो आतून दार लावून घेतो. मी त्याला चहा पाजला, धंद्याचं विचारलं. मीठ कसं येतं, पावसाळ्यात कसं पाझरतं. तो मोकळा होऊन बोलू लागला. मग मी म्हणालो, "शेठ, भावाच्या श्राद्धाला तुम्ही पिंड का दिला नाही?"

त्याने कपबशी खाली ठेवली.

"जिवंत माणसाला पिंड कसा देऊ, साहेब?"

मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

तो म्हणाला, "गोदामात मीठ उतरलं त्याच दिवशी भावाचा ट्रंक कॉल आला होता. मला वाटलं मालाचं विचारतोय. तो एवढंच म्हणाला, मिठाच्या ढिगात जो सापडेल, तो मीच. बायकोला सांगू नको, आईला सांगू नको. फोन बंद झाला. रोज हमाल ढिगाला घमेलं लावायचे आणि मी दारात उभा राहून बघायचो. जेवण जाईना. हात दिसला तेव्हा, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं."

"आणि वहिनीच्या बांगड्या फोडल्या, तेव्हा?"

तो रडायला लागला. त्याचा जबाब नोंदवला. भाऊ त्या सरोवराच्याच भागात असावा, यापलीकडे त्याला खरोखर काही ठाऊक नव्हतं.

वरिष्ठांची परवानगी काढून मी, जमादार आणि अक्का असे मारवाडात गेलो. आरोपीला ओळखणारं विश्वासाचं माणूस बरोबर हवं होतं, आणि अक्का स्वतःहून तयार झाल्या. वाटेत त्यांनी पाणी सोडून फारसं काही घेतलं नाही. पकडायला चाललोय हे त्यांना समजत होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तिथल्या ठाण्याचा हवालदार सोबत घेऊन आम्ही सकाळीच सरोवरावर पोचलो. सरोवर म्हणून मी पाणी शोधत होतो. पाणी नव्हतंच. क्षितिजापर्यंत पांढरी जमीन, जागोजागी खोदलेले खड्डे, त्यांत खारं, जड पाणी. पाण्यात काटेरी झुडपांच्या फांद्या बुडवलेल्या, कारण मिठाचे खडे त्यांवर धरतात. वर काढलेल्या फांद्या हाडांसारख्या दिसत होत्या. पक्षी नाही, झाड नाही. पायाखाली मीठ करकरायचं, तेवढाच आवाज. ऊन चढलं तशी दूरची माणसं जमिनीपासून सुटून हवेत तरंगताना दिसू लागली. चकाकीपासून डोळे वाचवायला सगळ्यांनी तोंडाला फडकी गुंडाळलेली. अंगावर मिठाची पुटं. कोण कोणता, सख्ख्या भावालाही कळलं नसतं.

हवालदार म्हणाला, "कुणाकुणाची फडकी सोडणार? पळाला तर या उजाडात धुरळासुद्धा दिसायचा नाही."

मी विचारात असतानाच अक्का पुढे झाल्या. खड्ड्यांच्या कडेने थोडं चालून त्या थांबल्या आणि त्यांनी लेकाला घरातल्या नावाने हाक मारली. लहानपणी जेवायला बोलवावं तशी.

आवाज त्या सपाट जमिनीवरून लांबवर गेला. खड्ड्यांतली सगळी माणसं वर बघू लागली. परकी म्हातारी कोणाला हाक मारते, हे कोणीही बघेलच. फक्त एका लांबच्या खड्ड्यात एक माणूस मान खाली घालून मीठ ओढत राहिला. त्याने हात आणखी भरभर चालवले.

आम्ही कडेला पोचलो तेव्हा त्याने फावडं टाकलं आणि स्वतःच फडकं सोडलं. ओठ फाटलेले, भुवया पांढऱ्या. दोन्ही कानांत भोकं होती. अक्कांनी त्याच्या गालावरचं मीठ पदराने पुसलं. "जित्ता शे," त्या मला म्हणाल्या. "मी सांगत नही व्हतू?"

त्याने काहीच लपवलं नाही. मिठात माती मिसळल्याच्या संशयावरून त्या खड्ड्यावर एकट्याने काम करणाऱ्या मजुराशी त्याचं भांडण झालं. रागाच्या भरात फावड्याचा दांडा डोक्यात घातला, आणि तो माणूस जागीच गेला. फासाच्या भीतीने याने आपले कपडे आणि ताईत त्याच्या अंगावर चढवले आणि स्वतःच्याच मालाच्या ट्रकमध्ये मिठाखाली पुरून पाठवला.

"मग इथे का राहिलास?" मी विचारलं.

"निघालो होतो, साहेब. त्याची झोपडी वाटेवर होती. बायको दारात उभी राहून वाट बघत होती. पुढे पाऊल पडेना. परत फिरलो आणि त्याच्याच खड्ड्यात उतरलो. मिळेल त्यातली बाजरी पहाटे तिच्या दारात ठेवून येतो. तोंड दाखवत नाही."

ती झोपडी हवालदाराला माहीत होती. थोरल्याला जमादारांच्या ताब्यात दिलं. अक्का म्हणाल्या, आपण आधी तिकडे जाऊ. जायला हवंच होतं. मयताची खरी ओळख नोंदवायची होती. तरुण बाई बाहेर आली. हातात बांगड्या, कपाळाला कुंकू. पोलीस पाहूनही ती घाबरली नाही. नवरा कामाला लांब गेलाय, पण रोज पहाटे येऊन धान्य ठेवून जातो, असं तिने सांगितलं. रुसलाय, म्हणून घरात येत नाही. शेजारणी हसतात, पण पहाटेची पावलं तिने स्वतः ऐकलीत.

मी शब्द जुळवत होतो. अक्कांनी मला हाताने मागे सारलं, तिला घेऊन जमिनीवर बसल्या आणि माहेरच्या मारवाडी बोलीत तिच्याशी हळू आवाजात बोलू लागल्या. मग तिने मान वर करून मला एकच विचारलं, "मग दाराशी कोण येत होतं?"

खटला तिकडच्या कोर्टात चालला. मी साक्ष दिली. थोरल्याला सक्तमजुरी झाली, खोटी ओळख पटवल्याबद्दल धाकट्यावरही कारवाई झाली. आमच्या दप्तरात मयताचं नाव बदललं.

निकालानंतर अक्का ठाण्यात आल्या. मी न राहवून म्हणालो, "अक्का, तुम्ही बोलला नसतात तर पोरगा सुटला असता."

"मरेल बनीसन कोनी सुटस का, साहेब?" त्या म्हणाल्या. "आते तुरुंगमा शे. पन त्याले कोनी नाव लिसन हाक तं मारी."

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. प्रेत ओळखायला आलेली माणसं बहुतेक कपडे ओळखतात, दागिना ओळखतात. माणूस ओळखणारा एखादाच असतो, आणि बहुधा त्यालाच कोणी विचारत नाही. पुढे कुठल्याही ठाण्यावर बेवारस प्रेत आलं, की पंचनाम्याला बसण्याआधी मी कॉन्स्टेबलला बाहेर पाठवायचो: ओटीवर कोणी गप्प बसलेलं आहे का, ते बघून ये.